साडभाऊंचे शिंपले

लहान मुलांवर कधीही आवाज न चढवता त्यांना दरदरून घाम फोडणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, काही निवडून घेता येत नाही. मुलगी पाहायला जातो तेव्हा आपण पोह्यांकडे पाहतो, धीर झाला तर मुलीकडे पाहतो. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला, चष्म्याला सुतळी बांधलेला, एक शब्द न बोलणारा माणूस पुढे जन्मभर आपल्याला पुरणार आहे, हे कुणी सांगत नाही. मी त्या दिवशी चपला दारात एकीवर एक फेकल्या होत्या. सुपारी फुटली, साखर वाटली, निघताना पाहतो तर चपला जोडीनं, तोंडं बाहेर करून, माझी वाट पाहत असल्यासारख्या उभ्या. कुणी लावल्या ते कुणीच पाहिलं नव्हतं. कोपऱ्यातला माणूस मात्र माझ्या पायांकडे पाहून बारीक हसला. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे अक्कडसासू म्हणतात, आणि नावाप्रमाणे ती अक्कड असते असा लोकांचा समज आहे. आमच्या अक्कडसासूबाई बिचाऱ्या लोण्यासारख्या. अक्कड जी काय होती ती यजमानांच्या वाट्याला आली होती, आणि तीही अशी मुकाट की दिसायची नाही, नुसती जाणवायची.

ते धानाचे शेतकरी. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि सगळं गाव उचलून वरच्या माळावर नव्या गावात आणून बसवलं. नवं गाव म्हणजे सरळ रस्ते, सारखी घरं, दारावर नंबर. माझं भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, मला ओळीत मांडलेल्या वस्तू आवडतात. पण माणसं अशी ओळीत मांडलेली पाहवत नाहीत. त्यात तिथली माणसं 'गावाला जाऊन येतो' म्हणायची आणि पाण्याकडे बोट करायची. लग्न निघालं की पहिली अक्षत पाण्याकाठी नेऊन सोडायची, कारण गावदेवी मातामायचा दगड वर आणला तरी माय खालीच राहिली असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. रस्ता विचारला तर "चिचेपासून वळा" असं सांगायची, आणि चिंच पाहायला जावं तर तिच्यावर दोन पुरुष पाणी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा या चिंचेच्या नादात पार काठापर्यंत फटफटी घेऊन गेलो होतो.

आणि तिथली पोरं. कुठल्याही गावात फटफटी शिरली की पोट्टे मागे धावतात, हॉर्न दाबतात, आरशात तोंड वेंगाडून पाहतात. इथं डझनभर पोरं भिंतीच्या सावलीत रांगेनं बसलेली होती. आम्ही आलो तशी उठली. एकीनं पिशवी घेतली, एकानं पाण्याचा तांब्या आणला, बाकीच्यांनी वाट करून दिली. कुणी हसलं नाही, कुणी ढकललं नाही. बायको म्हणाली, किती गुणी लेकरं आहेत. मी म्हटलं, ही गुणी नाहीत, यांना काहीतरी झालंय. तेवढ्यात पाण्याकडून वाऱ्याची झुळूक आली आणि साडभाऊंच्या छपरीतून एक आवाज आला. कुणी तोंडातल्या तोंडात दात वाजवावेत तसा. सगळ्या पोरांनी एकदम माना वळवल्या आणि आपापल्या मनाशी काहीतरी आठवून पाहिलं. 

छपरीच्या आडव्या लाकडी बल्लीला माळा टांगल्या होत्या. शिंपल्यांच्या. वैनगंगेतले ते चपटे, करडे शिंपले, ज्यांची पाठ दगडावर घासून भोक पाडलं की कैऱ्या सोलायला उत्तम होतात. साडभाऊंच्या आईनं जन्मभर कैऱ्या सोलून साठवलेले असे शिंपले त्यांनी जुन्या गावातून पोतं भरून आणले होते. लोकांनी भांडी आणली, छपरावरचे कवेलू आणले, यांनी शिंपले आणले. आणलेले संपले तेव्हा मासेमारांकडून नवे मागवून घासायला बसले. सकाळ-संध्याकाळ छपरीत दगडावर शिंपला घासल्याचा घिस्स घिस्स आवाज, मग फुंकर, मग डोळ्याला लावून भोकातून रस्त्याकडे पाहणं. त्या भोकातून त्यांचा डोळा आपल्याकडे लागला की मी दुकानदार माणूससुद्धा शर्टाची बटणं लावायचो.

दर पोरामागे एक माळ. हापशीवर नंबर न तोडता पाणी भरलं, शिंपला एक. म्हाताऱ्याला वाट दिली, एक. भांडणात दुसऱ्याचं नाव न सांगता आपलं सांगितलं, दोन. खोटं बोललं, दोन कटले. बैलाच्या शेपटीला काही बांधलं, तीन कटले, आणि बैलाची माफी वेगळी. 'कटला' हा त्यांचा शब्द. ओरडणं नाही, मारणं नाही, बापाकडे चुगली नाही. ते उठायचे, माळेची गाठ सोडायचे, शिंपला काढून पोराच्याच हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ठेव पोत्यात." आपल्या हातानं आपला शिंपला पोत्यात टाकणारं पोर मी पाहिलंय. फटके बरे, असं त्याचं तोंड व्हायचं. एकदा एक पठ्ठ्या सकाळीच येऊन सांगायला लागला की मी उद्या गण्याला मारणार आहे. त्याचा हिशेब असा की खरं बोलण्याचा शिंपला आजच पदरात पडावा. साडभाऊंनी विचार केला, एक शिंपला त्याला दिला आणि मारण्याचे दोन आगाऊ काढून घेतले. न मारल्यास दोन वापस. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गण्याच्या घरासमोर बसून राहिला आणि शेवटी न मारताच आला. गण्याला या सगळ्याचा पत्ताच नव्हता.

मोठ्यांनाही सूट नव्हती. अक्कडसासूबाईंची माळ स्वयंपाकघरात होती आणि त्या तिच्यातले शिंपले काढून खुशाल कैऱ्या सोलायच्या. "मी सैपाक बंद केला तर समद्या गावाचे कटन," एवढं त्यांचं धोरण. माझीही एक माळ होती. तिच्यात शिंपले कमी आणि सुतळी जास्त. कारण मला दुपारी जेवल्यावर दारात आडवं व्हायची सवय. तिथं उंबऱ्यावर पाण्याकडचं वारं लागतं. साडभाऊ यायचे, माझ्या पायांपाशी थांबायचे आणि शांतपणे म्हणायचे, "पाय घ्या, भंडारावाले. माणसं येऊन-जाऊन राहिले." मी डोळे उघडून पाहायचो. रस्ता रिकामा, अंगण रिकामं, ऊन नुसतं थरथरत असायचं. मी पाय घ्यायचो. ते जरा थांबायचे, कुणी तरी आत गेल्यावर आपण थांबतो तेवढे, मग आत जायचे.

हे सगळं खूळ कुठून आलं ते ऐकलं तेव्हा मी चेष्टा करणं सोडलं. नव्या गावातल्या पहिल्याच वर्षी एक पोरगं म्हशीमागं पाण्यात गेलं. पोरांना जुन्या गावचा तलाव माहीत होता, त्याची पायरी न पायरी माहीत होती. हे पाणी कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. खाली घरं, विहिरी, तारा, झाडं. साडभाऊंनी त्याला केसांना धरून ओढून काढलं. पोरगं वाचलं, पण शुद्धीवर येताच म्हणालं, खालून कुणीतरी हाक मारली. लहान लेकरू, पाणी नाकातोंडात गेलेलं, बोलणारच काहीतरी. पण गाव हादरलं. साडभाऊ घरी आले, पोतं उपडं केलं आणि माळा ओवायला बसले. काठाजवळ एक बाभूळ आहे, ती हद्द. बाभळीपलीकडे पाऊल पडलं तर अख्खी माळ कटली. बाकी सगळे नियम म्हणजे या एका नियमाभोवती घातलेलं कुंपण होतं. एकही लेकरू पाण्याला द्यायचं नाही, एवढीच त्या माणसाची इच्छा होती, आणि ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नाही.

पोरांना मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं की कुणी पाण्याकडे गेलं की शिंपले त्याला बोलावतात. पाण्यातलेच ते, त्यांना कळतं. मी याला पोरं भिववायची युक्ती समजत होतो. मी पितळेचा माणूस, ठोकल्याशिवाय काही वाजतं यावर माझा विश्वास नाही. एका दुपारी आम्ही दोघं छपरीत बसलो होतो. वारा असा नव्हताच, कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. आणि एक माळ, एकच, हळूहळू झुलायला लागली. साडभाऊंनी हातातला शिंपला खाली ठेवला, माळ कुणाची ते पाहिलं, आणि उठून गेले. थोड्या वेळानं पोराचं बोट धरून परत आले. ते बाभळीपाशी चड्डी काढून उभं होतं म्हणे, पाय उचललेला होता. मी बायकोला सांगितलं की माळेवर पाल असेल. पाल मला दिसली नव्हती.

आता या माणसाची चूक सांगतो, कारण अशी चूक त्या गावच्या माणसाशिवाय कुणाला सुचणार नाही. माळ वाढत वाढत जमिनीला टेकली की बक्षीस. दुसऱ्या कुणी पेन दिलं असतं, गोळ्या दिल्या असत्या. साडभाऊ जुन्या गावातली एक जागा द्यायचे. पोराला शेजारी बसवून जागेचं वर्णन करायचे: पाराचा कोणता दगड हलायचा, विहिरीत डोकावल्यावर आवाज कसा यायचा, चिंचेच्या कोणत्या फांदीवर कुणाचा हात मोडला. मग म्हणायचे, "आजपासून तुझी." झालं. पोरगं छाती काढून घरी जायचं. नव्या गावात जन्मलेली, जुनं गाव कधी न पाहिलेली लेकरं पाण्याखालच्या मालमत्तेची मालक होऊन फिरत होती. सावलीत बसून त्यांचे सौदे चालायचे. तू मले विहीर दे, मी तुले देवळाची पायरी देतो. एक चिमुरडी मला म्हणाली, काका, माझ्या चावडीत मासे राहतात, मी त्यांना काही म्हणत नाही. तिच्या बोलण्यात गंमत नव्हती. घरमालकिणीचा समजूतदारपणा होता.

मी साडभाऊंना म्हटलं, भाऊजी, पाण्याकडे जाऊ नये म्हणून माळ, आणि माळ भरली की पाण्यातलीच जागा? ही तर मांजराला शिंक्याची दोरी देण्याची गत. त्यांनी हातातल्या शिंपल्यावर फुंकर मारली. मग म्हणाले, "ज्याचं आहे त्याले घाई नसते, भंडारावाले." आणि खरोखर, ज्यांच्या नावावर जागा झाल्या ती पोरं बाभळीकडे फिरकेनाशी झाली.

आमची मुलगी मिनू म्हणजे वादळ. शाळेतून रोज एक तक्रार, गल्लीतून दोन. उन्हाळ्यात तिला मोठ्या आईकडे, म्हणजे माझ्या अक्कडसासूबाईंकडे सोडलं, आणि परत आणली ती वेगळीच मुलगी. ताटात वाढलं ते खाल्लं. सांगण्याआधी दप्तर भरलं. बायकोनं देवापुढे साखर ठेवली. मला मात्र झोप लागेना. ती घरात कुठं आहे तेच कळायचं नाही. मागे वळून पाहावं तर दारात उभी, माझ्या बोलण्याची वाट पाहत. दुकानात पितळेचा गंज, म्हणजे पातेलं, दाखवत मी गिऱ्हाइकाला म्हटलं की हा शेवटचा, दुसरा नाही, आणि मागून बारीक आवाज आला, "बाबा, कटला." गिऱ्हाइकानं गंज खाली ठेवला आणि निघून गेलं. त्या सुट्टीनंतर माझ्या धंद्यात जेवढी सचोटी आली तेवढी माझ्या वडिलांच्या काळातही नव्हती. पण खरं सांगतो, एखादा दिवस तरी तिनं काच फोडावी म्हणून जीव तळमळायचा.

पुढच्या उन्हाळ्यात तिची माळ जमिनीला टेकली. आम्ही तिथंच होतो. साडभाऊंनी विचारलं, काय पाहिजे. तलावाची पाळ होती, शाळेचा वऱ्हांडा होता. मिनू म्हणाली, "मोठे बाबा, मले तुमचं घर पाहिजे."

त्यांचा हात थांबला. सगळं गाव वाटलं होतं त्यांनी, फक्त आपलं घर कुणाला दिलं नव्हतं. "ते नाही भेटणार," ते म्हणाले. "ते उघडं आहे." मिनूला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम, तिनं मुकाट शाळेचा वऱ्हांडा घेतला. संध्याकाळी मी विषय काढला तेव्हा ते आपल्या दाराकडे पाहत बसले होते. नव्या घराला त्यांनी जुन्या घराचं दार लावलं होतं. सागाचं, एकफळी, बुटकं. नव्या चौकटीत वर हातभर फट राहायची आणि तिच्यात पोतं कोंबलेलं असायचं. गाव सोडताना सगळ्यांनीच लाकूड काढून आणलं, दारं आणली. पण साडभाऊंच्या डोक्यात एक किडा शिरला होता. "दार काढून आणलं ना मीनं," ते म्हणाले, "म्हणजे घर उघडंच राह्यलं. उघडं घर टाकून कोणी जाते का? कोण येऊन राहिलं, कोण बसून राहिलं, काय मालूम."

मग त्यांनी बल्लीच्या अगदी टोकाला टांगलेली एक माळ दाखवली. ती मी पाहिली होती. पोरं तिच्याखालून जात नसत. त्यांचा समज होता की ती पाण्यात गेलेल्या कुणाची तरी आहे. ती साडभाऊंची स्वतःची होती. ज्या महिन्यात एकदाही बाभळीपलीकडे गेलो नाही त्या महिन्याला एक शिंपला, असा त्यांचा स्वतःपुरता नियम. मी त्या माळेकडे पाहिलं आणि मला प्रथमच कळलं की या गावात पाण्याची ओढ सगळ्यांत जास्त कुणाला आहे. पोरांसाठी घातलेल्या कुंपणात हा म्हातारा स्वतःलाच कोंडून घेऊन बसला होता. मला त्यांची भयंकर माया आली आणि तितकीच भीतीही वाटली.

त्यानंतरचा उन्हाळा फार कडक गेला. पाणी कधी नव्हे इतकं मागं हटलं. लोक काठावरून पाहून यायचे आणि सांगायचे, पार दिसतो, देवळाचा चौथरा दिसतो, आणि साडभाऊंना सांगायचे, तुमच्या घराची भिंत कमरेइतकी वर आली आहे, दाराची जागा साफ दिसते. अक्कडसासूबाई मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या की यंदा यांचं मन ठिकाणावर नाही, रोज दाराला तेल पाजतात. मिनूला घेऊन आलोच होतो, मी म्हटलं, मी आहे ना आठवडाभर, लक्ष ठेवतो. आणि त्याच दुपारी रस-पोळी हाणून, उंबऱ्यात पाय पसरून, मी घोरायला लागलो.

मला आवाजानं जाग आली नाही. आवाज नव्हता म्हणून आली. त्या घरात शिंपल्यांची किणकिण सतत इतकी चाललेली असायची की ती थांबल्यावर कुणीतरी कानावर हात ठेवल्यासारखं वाटलं. मी वर पाहिलं. बल्ली रिकामी होती. एकही माळ नाही. मान उचलून पायांकडे पाहिलं. चौकटीत दार नव्हतं. माझ्या अंगावरून दार गेलं होतं आणि मला कळलं नव्हतं. ते नेहमी म्हणायचे तसं 'पाय घ्या' या वेळी म्हणाले नव्हते.

मी अनवाणीच धावलो. त्या उन्हात गावात एक माणूस नव्हता. काठावर बाभळीच्या रेषेत सगळी पोरं ओळीनं उभी होती. कुणी रडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात आपापली माळ होती आणि ते सगळे मिळून ती हलवत होते, एका तालात, खळ खळ, खळ खळ. त्यांनी म्हाताऱ्याला डोक्यावर दार घेऊन जाताना पाहिलं होतं. मोठ्यांना उठवायचं कुणाला सुचलं नाही. त्यांना शिकवलेलं होतं तेच त्यांनी केलं. कुणी पाण्याकडे गेलं की शिंपले बोलावतात. ओळीच्या मधोमध मिनू होती. तिच्या एका हातात तिची माळ होती आणि दुसऱ्या हातात ती टोकाची.

पलीकडे गाळ पसरला होता. वरून भेगाळलेला, आतून लापशी. त्यात साडभाऊ मांड्यांपर्यंत रुतलेले, पाठमोरे, समोर आडवं पडलेलं दार, आणि त्याच्या पुढे त्यांच्या घराची ती भिंत, मधे काळी मोकळी चौकटीची जागा. ते त्या जागेकडे पाहत होते. आणखी पुढे व्हायला त्यांनी एक पाय उपसला. दोन्ही हातांनी मांडी धरून, हळूच, धानाच्या रोवणीला उतरलेल्या माणसासारखा. मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच मिनूनं ती टोकाची माळ उंच धरली.

"मोठे बाबा," ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, "तुमची माळ कटून राहिली."

ते थांबले.  मग त्यांनी मान वळवली आणि त्या ओळीकडे पाहिलं, एकेका पोराकडे, जणू कोण आलं कोण नाही ते मनात धरत होते. मी तोवर गावाकडे पळालो. माणसं, दोर, बाज, जे हाताला लागलं ते घेऊन आलो. येऊन पाहतो तर ते दारावर पालथे पडून होते आणि दार त्यांना तोलून धरत होतं. ते दार नसतं तर आम्ही दोर कुणासाठी टाकला असता, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही. दोर त्यांनी काखेत घेतला, आम्ही ओढलं, आणि ते गाळातून बाभळीखाली आले. दार तिथंच राहिलं. उभे राहता येईना तरी ते मागे वळून दाराकडे हात करायला लागले.

मिनू त्यांच्यापाशी जाऊन बसली. "राहू द्या," ती म्हणाली. "दार घरी गेलं. आता घर उघडं नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. गाळानं भरलेला चष्मा, त्याची ती सुतळी, त्यामागचे डोळे. मग ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले आणि आम्ही मोठी माणसं इकडंतिकडं पाहत उभे राहिलो. रडून झाल्यावर नाक पुसून म्हणाले, "मंग घर तुझं, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या पोरांना छपरीत बसवलं, आपली माळ खाली घेतली आणि एकेक शिंपला स्वतःच्या हातानं पोत्यात टाकला. हद्द सगळ्यांना सारखी. पोरं एकदम गंभीर होऊन पाहत होती. शेवटचा शिंपला टाकल्यावर तो आगाऊ शिंपले घेणारा पठ्ठ्या उठला आणि म्हणाला, मोठे बाबा, खरं केलं त्याचा एक तर देऊन ठेवा. आणि मग, त्या गावात मी पहिल्यांदाच ऐकलं, सगळी पोरं खदखदून हसली. मिनूनं हसता हसता पाण्याचा माठ लाथ लागून फोडला. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पावसाळ्यात पाणी परत चढलं आणि दार, भिंत, चौथरा सगळं झाकून गेलं. साडभाऊंनी नव्या घराला दुसरं दार काही लावू दिलं नाही. अक्कडसासूबाईंनी कुरकुर केली, मग एक जुनं लुगडं पडदा म्हणून टांगलं. गाव बुडाल्यापासून उघड्या घराच्या काळजीत झुरलेला हा माणूस शेवटची वर्षं बिनदाराच्या घरात इतका निवांत झोपला की आमची बायको म्हणायची, भाऊजी आता घोरायला शिकले. दोन-चार हिवाळे असे काढले आणि एका सकाळी शिंपला घासता घासता भिंतीला टेकले ते टेकलेच. दगडावर अर्धा घासलेला शिंपला होता, भोक पडायचं राहिलं होतं.

त्यांच्या वेळची पोरं आता कुठं कुठं गेली. मिनू नागपूरला शिकते, जोरजोरात बोलते, काही विचारलं की उलट उत्तर देते. पाणी कमी झालं की लोक तिला फोन करतात, तुझं घर दिसून राहिलं, येऊन पाहून जा. ती म्हणते, राहू द्या, घाई नाही. गावातल्या नव्या पोरांच्या माळा अजून बल्लीला आहेत, अक्कडसासूबाई त्या सांभाळतात. टोकाची रिकामी सुतळीही त्यांनी काढली नाही. आणि ती रिकामी राहिलेली नाही. दर खेपेला जातो तेव्हा तिच्यात थोडे शिंपले वाढलेले असतात. मला वाटायचं बाई ओवतात. बाईंना वाटतं मिनू ओवते. मिनू माझी शपथ घेऊन नाही म्हणाली, आणि ती कशीही असली तरी खोटं बोलत नाही, तेवढं तिच्या हाडात गेलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. जेवण झालं, मी सवयीप्रमाणे उंबऱ्यात पसरलो. अक्कडसासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. गावातली पोरं समोर सावलीत बसून सौदे करत होती, सगळी, मी पाहिली. वारा नव्हता. पडद्याचं लुगडं हलत नव्हतं. आणि बल्लीच्या टोकाची ती माळ वाजायला लागली, हळूहळू, एकटीच. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी सुपावरची मान वर केली नाही.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "दार नाही ते बरं हाय. खटखट कराले नाही लागत."

मी पाय जवळ घेतले आणि वाट करून दिली.